न लिहिलेला मायनस

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे, मामींचा खोकला थांबला का, शेजारच्यांनी तो पाइप दुरुस्त करून घेतला की अजून तुमच्याच भिंतीत पाणी मुरतंय, हे सगळं मला मनापासून विचारायचंय. एकाच वाक्यात विचारलं म्हणून वरवरचं समजू नका. आई म्हणाली, मोठ्यांना पत्र लिहिताना आधी त्यांची चौकशी करावी, मग आपलं सांगावं, आणि आपलं थोडक्यात सांगावं. पहिल्या दोन गोष्टी मी पाळतेय. (मेसेज का नाही केला, तर तुम्ही मेसेज वाचून नुसता अंगठा पाठवता. तो अंगठा म्हणजे होकार, नकार, की फक्त 'पोचलं', हे आपल्या घरात अजून कुणालाही समजलेलं नाही. कागदावर लिहिलं की तुम्ही उत्तर देता.) मी इंग्लिश मीडियमची, त्यामुळे माझं मराठी बोलल्यासारखंच येतं. सांभाळून घ्या.

मुद्द्याचं आधी सांगते, म्हणजे तुम्ही मधेच पत्र ठेवून पेपर वाचायला घेणार नाही. मावशीच्या चष्म्याच्या दुकानासाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याच्यामुळे एका बाईंच्या हातातली बस गेली. त्या सिटी बस चालवतात. म्हणजे या महिन्यापर्यंत चालवायच्या. आता त्यांना डेपोतल्या चौकशीच्या खिडकीत बसवलंय, आणि महिना संपला की त्यांचा रूट कायमचा दुसऱ्याच्या नावावर होणार आहे. दुकानात आम्ही त्यांना ड्रायव्हरताई म्हणतो. त्यांची बस त्यांना परत मिळाली पाहिजे, एवढ्यासाठीच हे सगळं लिहितेय. पण नुसतं एवढंच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, 'प्रोग्रॅमचा आणि बसचा काय संबंध?' मलाही तसंच वाटलं होतं.

तर झालं असं. माझं कॉलेज संपलं, नोकरी लागायची होती, आणि मी दिवसभर घरात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसते हे आईच्या डोळ्यांत खुपायला लागलं. तिने मला मावशीकडे पाठवून दिलं, 'जरा मदत कर' म्हणून. तुम्ही मावशीचं दुकान बघितलंय, पण बरीच वर्षं झाली त्याला. आता वरच्या मजल्यावर डोळ्यांचे डॉक्टर बसतात. ते तपासतात, चिठ्ठीवर चष्म्याचा नंबर लिहितात, पेशंट चिठ्ठी घेऊन जिना उतरून खाली मावशीच्या काउंटरवर येतो. तिथे फ्रेम निवडायची. (यात सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण प्रत्येकाला आरशात आपण वेगळे कुणीतरी दिसू अशी आशा असते.) मग चिठ्ठी जाते मागच्या खोलीत, भिंगकाकांकडे. भिंगकाका काच घासतात. त्यांच्या मशीनवर सतत पाण्याची बारीक धार चालू असते, त्यामुळे त्यांची बाही कायम ओली असते आणि त्याबद्दल ते कायम कुरकुरतात.

माझ्या डोळ्यांवर आली ती चिठ्ठी. म्हटलं, या जमान्यात कागद काय फिरवता? मावशीने काउंटरवर नंबर टाइप करायचा, तो मागच्या खोलीत प्रिंट होऊन निघेल. साधा प्रोग्रॅम. दुपारपर्यंत होईल असं मी मावशीला सांगितलं. माझ्या पिढीतला कुणीही 'दुपारपर्यंत होईल' म्हणाला की कुठली दुपार ते विचारून घ्यावं, हे तुम्हाला सांगून ठेवते.

कारण अडचण आली ती अगदी बावळट जागी. रकान्यात जे टाइप केलंय तो आकडा आहे की नाही, एवढंच कॉम्प्युटरला तपासायला सांगायचं होतं. माणसाला हे शिकवावं लागत नाही. कॉम्प्युटरला मात्र सगळंच नुसती अक्षरं. पहिल्यांदा मी काहीच तपासलं नाही, तर मावशीने एका रकान्यात 'मागच्यासारखाच' असं टाइप केलं आणि दुसऱ्यात 'भावाला विचारून सांगते'. प्रोग्रॅमने दोन्ही आनंदाने मागे पाठवलं. मग मी कडक झाले. म्हटलं, शून्य ते नऊ सोडून काहीही चालणार नाही. त्याबरोबर चष्म्याचे नंबरच बंद पडले, कारण त्यात पॉइंट असतो आणि पुढे मायनस असतो, आणि ते दोन्ही आकडे नाहीत. माझ्या प्रोग्रॅमच्या मते जगात एकाही माणसाचा नंबर खरा नव्हता. मग पॉइंट आणि मायनसला परवानगी दिली, तर मावशीचं कोपर कीबोर्डवर पडून मायनस, पॉइंट, परत मायनस असं काहीतरी उमटलं आणि तेही आकडा म्हणून पास झालं. मग मावशीने मराठी आकडे टाइप केले. प्रोग्रॅम म्हणाला, हा आकडा नाही. मावशी म्हणाली, "मग काय आहे, भाजी आहे?" मी म्हटलं, मावशी, त्याला फक्त इंग्लिश आकडे कळतात. ती म्हणाली, "अगदी तुझ्यावर गेलाय." (मला पावणेदोन म्हटलं की आधी पावणेतीनच डोळ्यांसमोर येतं, हे तिने सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय.)

मग मी आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलंच एक तयार हत्यार वापरलं, जे स्वतःच ठरवतं की हा आकडा आहे की नाही. ते इतकं उदार निघालं की काय सांगू. आकड्यांच्या मधे चुकून इंग्लिश ई दाबलं गेलं तर ते त्याचा अर्थ 'पुढे इतकी शून्यं' असा घेतं, त्यामुळे एका शाळकरी मुलीचा नंबर एक लाख निघाला. भिंगकाका कागद घेऊन बाहेर आले आणि गंभीरपणे म्हणाले, "एवढी जाड काच आपल्याकडे नाही." आणि रकाना रिकामा ठेवला तर ते त्याला शून्य समजायचं. एका आजोबांचा डावा डोळा आला होता म्हणून डॉक्टरांनी तो तपासलाच नव्हता, चिठ्ठीवर डावी जागा मोकळी होती. प्रोग्रॅमने तिथे शून्य टाकलं, म्हणजे साधी काच, डोळा ठणठणीत. मामा, मी यावर खूप विचार केला. शून्य म्हणजे बघितलं आणि काही निघालं नाही. रिकामं म्हणजे बघितलंच नाही. किती वेगळ्या गोष्टी आहेत, आणि किती सहज एकीच्या जागी दुसरी बसते. मी हे जेवताना सगळ्यांना सांगितलं. बाबा म्हणाले, "छान, मीठ दे इकडे."

पण शेवटी जमलं. रिकामं चालणार नाही, कोपर चालणार नाही, एक लाख चालणार नाही, मराठी आकडे चालतील. मी मावशीच्या शेजारी बसून सगळ्या जुन्या चिठ्ठ्या टाइप करून बघितल्या. आणि मग हौस म्हणून वर एक गोष्ट केली. मागच्या खोलीत कागद निघतो त्याच्यावर आकड्याच्या आधी चिन्ह ठळक छापायचं. मायनस असेल तर मायनस, आणि चिन्ह नसेल तर प्लस. कारण गणितात चिन्ह नसलेला आकडा प्लसच असतो, हे आपण सगळे शाळेत शिकलोय. मला वाटलं, आता गोंधळाला जागाच नाही.

आता भिंगकाकांची एक सवय सांगते. चिठ्ठी मागे गेली की ते मशीन बंद करून, हात पुसत, काउंटरपर्यंत यायचे आणि विचारायचे, "हा साधाच ना?" मावशी म्हणायची, "हो, साधाच." मग जावयाने काय केलं ते सांगायचे, अर्धा कप चहा घ्यायचे आणि परत जायचे. दर चिठ्ठीला. मी त्यांना अगदी आदराने सांगितलं की काका, आता सगळं छापून येतं, विचारायला यायची गरज नाही. त्यांना ते लागलं. "बरं बाई, मशीन सांगेल ते घासतो," म्हणाले, आणि खरंच यायचे बंद झाले. जावयाचं पुढे काय झालं ते दुकानात कुणालाच कळेना.

त्यानंतर एक दिवस मी इंटरव्ह्यूला गेले आणि मावशीने पहिल्यांदाच एकटीने दुकान चालवलं. संध्याकाळी मी आले तेव्हा ती खूश होती, कुठेही अडलं नाही म्हणाली. अडणार कसं? सगळे आकडे अगदी बरोबर आकडे होते. दुसऱ्या दिवशी मात्र चष्मे परत यायला लागले. कॉलेजचा एक मुलगा नवा चष्मा घालून दुकानातून बाहेर पडला आणि समोरच्या खांबाला सॉरी म्हणाला. एक बाई म्हणाल्या, यापेक्षा माझा फुटलेला बरा होता. भिंगकाकांनी सगळे तपासले. मायनसच्या जागी सगळीकडे प्लस घासलेला. मी म्हटलं, मावशी, तू मायनस टाइप केला नाहीस? ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी विचारलं होतं की तू श्वास घेतलास का.

तेव्हा मला कळलं. या दुकानात मायनस लिहायची पद्धतच नाही. कधीच नव्हती. दुकानात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला लांबचं कमी दिसतं, म्हणजे मायनसच. आणि वरच्या डॉक्टरांचं अक्षर असं की आडवी रेघ मायनसची आहे की पेन घसरलंय ते कळत नाही. त्यामुळे फार पूर्वीच त्यांचं आणि मावशीचं ठरलं होतं, मायनस लिहायचाच नाही, प्लस असेल तरच मोठ्ठा प्लस काढायचा. 'साधाच ना' म्हणजे 'मायनसच ना'. माझ्या शेजारी बसून टाइप करताना, मला ते अक्षर लागत नव्हतं म्हणून, मी तिला प्रत्येक वेळी विचारायचे, मायनस की प्लस, आणि ती सांगायची. मी नव्हते तेव्हा तिने चिठ्ठीवर होतं तसं टाइप केलं. तिने मला हे कधी सांगितलं का नाही? कारण विचारायची गोष्टच नव्हती. आणि ही पद्धत मी का नाही विचारली? कारण माझ्याही बाजूने ती विचारायची गोष्टच नव्हती. दोघींनाही पक्कं माहीत होतं की चिन्ह नसलं की काय समजायचं. फक्त माहीत असलेलं अगदी उलट होतं.

आम्ही त्या दिवसाच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन केले. ड्रायव्हरताईंनाही मीच केला. विचारलं, चष्मा कसा आहे, काही त्रास? त्या म्हणाल्या, "अहो, झकास आहे. सुईत दोरा एका फटक्यात जातो. औषधाच्या पाकिटावरचं बारीक अक्षरसुद्धा दिसतंय." मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, बघा, यांचा खरोखरच प्लस असणार, तरच एवढं छान दिसतंय. चिठ्ठी न बघताच त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. मावशीला नंतर कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला चुकून प्लस दिला तर जवळचं सगळं स्वच्छ दिसणारच. लांबचं पुसट झालेलं त्यांना घरात बसून कळणार कसं? त्या तेव्हा सुट्टीवर होत्या. रस्त्यावर जरा धुरकट वाटलं, पण चष्मा देताना मावशी सगळ्यांना एक वाक्य ऐकवतेच, "नवीन नंबर आहे, सवय होईल." त्या सवय करून घेत बसल्या. शिस्तीची माणसं, मामा.

सुट्टी संपली तशी त्यांची डेपोत डोळ्यांची चाचणी होती, चालकांची नेहमी असते ती. भिंतीवरच्या बोर्डातलं सगळ्यात वरचं मोठं अक्षर तेवढं त्यांनी वाचलं. पुढची ओळ येईना. तपासणाऱ्याने म्हटलं, चष्मा काढून बघा. चष्मा काढला तर दोन ओळी जास्त आल्या. त्या माणसाने असा प्रकार कधी बघितला नव्हता. पण त्याच्यापुढे कॉम्प्युटरवर फॉर्म उघडा होता, आणि त्यात नापास का याचा एक रकाना होता, एक ते नऊमधलाच आकडा घेणारा. रिकामा ठेवला तर पुढे जात नाही, दुसरं काही लिहिलं तर घेत नाही. चष्मा विसरला, डोळा आलाय, ऑपरेशन झालंय, अशी नऊ कारणं. 'चष्माच चुकीचा आहे' हे त्यात नाही. त्याने बिचाऱ्याने त्यातल्या त्यात जवळचं म्हणून सात टाकला. सात म्हणजे चष्मा लावूनही दिसत नाही. आणि साताला पुढची चाचणी वर्षभराने.

त्या दुकानात आल्या तेव्हा मला वाटलं होतं आता आवाज चढणार. तसं काही झालं नाही. त्यांनी चष्म्याची केस काउंटरवर ठेवली आणि मावशीला म्हणाल्या, "ताई, मी रोज सकाळी बस काढायच्या आधी चाकं लाथ मारून बघते. तुम्ही काय बघता?" मी पुढे होऊन म्हटलं, चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं (डोळे बारीक करून, कारण चष्मा काउंटरवर होता) आणि म्हणाल्या, "तू ती फोन केलेली मुलगी ना? गोड बोलतेस." मामा, कुणी मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या दिवशीच विसरले असते.

मग त्यांनी सांगितलं की खिडकीत बसून बस दिसत नाही, पण ऐकू येते. त्यांच्या बसवर आता एक नवीन माणूस आहे. वळणावर तो गिअर उशिरा टाकतो. त्यांना ते रोज येता-जाता ऐकावं लागतं.

डॉक्टरांनी डोळे परत तपासून चिठ्ठी दिली, या वेळी मायनस चांगला ठसठशीत काढून. मावशीने दुकानाच्या कागदावर लिहून सही केली की चष्मा आमच्याकडून चुकीचा गेला. ताई ते सगळं घेऊन डेपोत गेल्या. तिथला माणूस चांगला होता, त्याने वाचलं, पटलं म्हणाला, आणि मग स्क्रीन त्यांच्याकडे फिरवून म्हणाला, हे मी टाकू कुठे ते सांगा. नऊ कारणांत हे बसत नाही. आणि कारण बदलल्याशिवाय तारीख मिळत नाही.

मी माझा प्रोग्रॅम बदललाय. आता चिन्ह नसेल तर तो स्वतःच्या मनाने काही धरत नाही, विचारतो. आणि भिंगकाकांना मी स्वतः जाऊन सांगितलं की काका, या विचारायला. ते म्हणाले, "वेळ मिळाला तर बघतो," आणि पाचव्या मिनिटाला हजर. जावई दुसऱ्या गावी गेलाय म्हणे. पण मला एक गोष्ट अजून टोचते. मी इतके दिवस तपासत होते की टाइप केलेलं आकडा आहे की नाही. त्याचं उत्तर प्रत्येक वेळी बरोबर आलं. ताईंचा आकडासुद्धा अगदी निर्दोष होता, पॉइंट जागेवर, शेवटचं शून्यसुद्धा जागेवर. तो कुणाचा आहे आणि कुणी काय समजून लिहिलाय, हे बघायला मी ज्या माणसाला बसवायला हवं होतं, त्यालाच मी उठवून मागे पाठवलं होतं. जे सोपं असतं ते आपण तपासतो, आणि तपासलं म्हणून आपल्याला गाढ झोप लागते. कॉलेजमध्ये यावर आम्हाला एक अख्खं प्रकरण होतं. त्यात मला पैकीच्या पैकी मार्क होते.

बाकी सगळं ठीक. आई बरी आहे. बाबांना माझं बोलणं आता पाठ झालंय. मामींना नमस्कार सांगा.

तुमची,
भाची

ता. क. : आता ज्याच्यासाठी पत्र लिहिलं ते. मामा, हा फॉर्म तुम्ही बनवलाय. मला आईने काल सांगितलं. म्हणाली, सिटी बसच्या मुख्य ऑफिसात तुझ्या मामानेच तो आखला, आणि नऊ कारणांत अख्खं खातं बसवलं म्हणून घरी पेढे वाटले होते. शेवटी 'इतर' अशी एक मोकळी ओळ ठेवा असं कुणीतरी सुचवलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात म्हणे, "मोकळी ओळ ठेवली की लोक निबंध लिहितात." बरोबरच आहे तुमचं. मावशीने माझ्या मोकळ्या रकान्यात काय काय लिहिलं ते मी बघितलंय. पण मामा, ती एक ओळ घाला. मोठी नको. 'चष्मा चुकीचा दिला गेला' एवढं बसेल इतकीच. आणि महिना संपायच्या आत.

ता. क. २ : ड्रायव्हरताईंना सांगितलं की मी मामांना लिहितेय, तर त्या रागावल्या. वशिला नको म्हणाल्या. मी म्हटलं, वशिला नाही, फक्त एक ओळ. त्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मला पास करा असं कुठेही लिहू नकोस. मला त्या बोर्डासमोर परत उभं करा, पुढचं मी बघते." म्हणून तसं लिहिलेलं नाही. चुकून कुठे तसा सूर लागला असेल तर ते वाक्य खोडावं.

ता. क. ३ : पत्र पाकिटात घालतच होते, तेवढ्यात ताई नवा चष्मा न्यायला आल्या. भिंगकाकांनी काच दोनदा तपासली, मावशीने तिसऱ्यांदा, आणि 'सवय होईल' असं कुणीही म्हणालं नाही. ताईंनी चष्मा घातला, दुकानाच्या दारात गेल्या आणि रस्त्याच्या पार टोकाला सिग्नलला थांबलेल्या बसकडे बघत राहिल्या. मला तिथून नुसती एक बस दिसत होती. मी विचारलं, नीट दिसतंय ना? त्यांनी त्या बसकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "माझ्या गाडीचा डावा आरसा कुणीतरी वाकडा केलाय."